नऊ भोकांचं कार्ड

९ जानेवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते बाजूला ठेवशील, आणि मग वहिनी उघडतील. तेव्हा वहिनी, तुम्हीच वाचून दाखवा त्याला. काम आहे म्हणून लिहितेय, नाहीतर लिहिलं नसतं. अप्पा गेले त्या दिवशी आपण एकाच खोलीत बसून वहिनीमार्फत बोलत होतो, ते शेवटचं.

मी शस्त्र परवान्याचा अर्ज केलाय. घ्या, हसून घ्या आधी. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेमीत बसवणारी बाई, खाली बसली की उठताना गुडघे बोलतात, आणि हिला रायफल हवी. परवाना कचेरीतल्या क्लार्कलाही तेच वाटलं. जिवाला धोका आहे का, म्हणाला. नाही म्हटलं. मग मुलासाठी घेताय का? म्हटलं, मला मूलबाळ नाही, मला स्वतःला नेमबाजी करायचीय, खेळ म्हणून. त्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि ‘खेळ’ हा शब्द इतका सावकाश लिहिला की मला वाटलं, आता कोणाला तरी विचारायला उठतो की काय.

डॉक्टरचा दाखला लागतो, तोही आणला. शरीर ठणठणीत आणि डोकं ठिकाणावर, असा. डॉक्टरांनी विचारलं, राग येतो का? म्हटलं, येतो, पण माणूस बघून. ते हसले आणि शिक्का मारला.

मग क्लबात गेले. इतक्या वर्षांनी तो व्हरांडा चढले. तेलाचा आणि बंदुकीच्या जळक्या दारूचा तोच वास. अप्पा बसायचे त्या टेबलाशी आता कर्नल बसतात. सैन्यात ते कधीच नव्हते, मिशांमुळे सगळे कर्नल म्हणतात. रेंज तेच चालवतात आणि नव्यांना तेच शिकवतात. भिंतीवरचा बोर्ड अजून आहे. रंग उडालाय, पण सगळ्यात वर तुझं नाव आणि त्यापुढे नव्व्याण्णव, हे लांबूनही दिसतं. मी चष्मा काढून पाहिलं, तरी दिसलं.

आता काम. अप्पांची पॉइंट टूटू रायफल ते गेल्यापासून क्लबाच्या कपाटात कुलपात पडून आहे. वारस आपण दोघं. परवाना मिळाल्यावर ती माझ्या नावावर करायची तर तुझी सही लागते, हरकत नाही म्हणून. तू शहर सोडलंस तेव्हाच नेमबाजीही सोडलीस, तुला तिचा काही उपयोग नाही. सोबतच्या कागदावर सही कर आणि पाठव.

दुसरं, चौकशीचे इन्स्पेक्टर तुला फोन करतील. जवळच्या नातेवाइकाला विचारावंच लागतं, बाई कशी आहे, भांडखोर आहे का वगैरे. खरं ते सांग. तुला सवय नाही, पण प्रयत्न करून बघ.

तुझी बहीण

२७ फेब्रुवारी

दादा,

कागद आला नाही, पण तुझं बोलणं मात्र माझ्यापर्यंत पोचलं.

“तिच्या हातात हत्यार देऊ नका, ती डूख धरून बसणारी बाई आहे.” असं म्हणालास ना इन्स्पेक्टरना? त्यांनी शब्दन् शब्द लिहून घेतलंय. माझ्यासमोर वाचून दाखवलं आणि विचारलं, यावर काय म्हणणं आहे?

म्हणणं काय असणार. अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण ते दुकानात आले होते, काउंटरवर, आणि नेमकं त्याच वेळी एक गिऱ्हाईक माझ्या डोक्यावर उभं होतं. चष्मा चुकीचा बनवला म्हणून त्याने सगळं दुकान डोक्यावर घेतलं होतं. मला अडाणी म्हणाला, आंधळी म्हणाला, मालकांना बोलवा म्हणाला. इन्स्पेक्टर स्टुलावर बसून बघत होते. मी चष्मा हातात घेतला, त्याच्या नाकावर बसवला, दांड्या जरा वाकवल्या आणि म्हटलं, आता वाचा. त्याने वाचलं. चष्मा बरोबरच होता, हा बाबा तो नाकाच्या शेंड्यावर लावत होता. मी “पुन्हा या” म्हटलं आणि काच पुसायला घेतली.

इन्स्पेक्टर म्हणाले, “तुमच्या भावाने वर्णन केलं ती बाई आज सुट्टीवर आहे का?”

तर तो धोका टळला असं समज. पण तू जे बोललास त्यात एक गोष्ट खरी आहे. मी डूख धरून आहे. कशाचा, ते तू इन्स्पेक्टरना सांगितलं नाहीस. वहिनीलाही कधी सांगितलं नसणार. वहिनी, तुमची पोरं मला नऊआत्या का म्हणतात, माहीत आहे? दादा हसून म्हणाला असेल, लहानपणीचं लाडाचं नाव आहे.

लाडाचं कसलं. क्लबाच्या ज्युनियर स्पर्धेतलं आहे ते. मी शाळेत होते, हा कॉलेजात. लेन शेजारी शेजारी, पालथं पडून, पन्नास मीटर, प्रत्येकी निशाण्याचं एक कार्ड आणि दहा गोळ्या. अप्पा पंच. पहिला येईल तो राज्याच्या शिबिराला जाणार. कार्डं आणली तर याच्या कार्डावर अकरा भोकं, माझ्यावर नऊ. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेजाऱ्याच्या कार्डावर गोळी मारणं म्हणजे नेमबाजीत शेंबूड पुसायची अक्कल नसण्यासारखं. मी म्हटलं, अप्पा, माझ्या दहाही माझ्याच कार्डावर आहेत, हे बघा, मधलं भोक जरा लांबट आहे, दोन गोळ्या एकातून गेल्यात. अप्पांनी भिंग लावलं आणि म्हणाले, एक भोक, एक गोळी.

मग दादा, अप्पांनी तुला विचारलं, यातली तुझी नसलेली कुठली? तू खाली बघून म्हणालास, “सांगता येत नाही, अप्पा.”

नियम असा की कुठली कोणाची ते सांगता येत नसेल, तर ज्याचं कार्ड त्याला त्यातल्या चांगल्या दहा मिळतात. तुझी पाचवी सात गुणांच्या कडीत गेली होती. तेव्हा तू दातओठ खाऊन शिवी हासडलीस, मी शेजारी ऐकली. ती सात गळाली. नव्व्याण्णव झाले, बोर्डावर नाव गेलं, शिबिराला तू गेलास. माझं कार्ड केराच्या टोपलीत गेलं. अप्पांनी मला पुन्हा रेंजवर येऊ दिलं नाही. लक्ष थाऱ्यावर नसलेल्या पोरीच्या हातात बंदूक नको, म्हणाले. आणि घरी तू मला नऊ म्हणायला लागलास.

दादा, धाकटी बहीण भावाच्या गोळ्या मोजते. माझं संपलं होतं, मी रायफल खाली ठेवली होती, आणि तुझी दहावी मी ऐकली होती. त्यानंतर तुझ्या लेनमधून आणखी एक आवाज आला. अप्पा तेव्हा पलीकडच्या टोकाला होते.

हे मी तुला कधीच म्हटलं नव्हतं. आता लिहून टाकलं. सही कर आणि पाठव.

तुझी बहीण

१५ मे

दादा,

परवाना मिळाला. छोटंसं पुस्तक आहे, त्यात माझा फोटो आहे, आणि फोटोत मी खरंच कोणाचा तरी जीव घेईन अशी दिसते. मालकांनी दुकानात सगळ्यांना दाखवला. आता उधारीवाले आपणहून येतील म्हणाले.

तुझी सहीही आली. वहिनींनी तगादा लावला असणार, त्यांना माझे आभार सांग. एक सांगू? सही रेघेच्या वरून सुरू झाली आणि पार खाली घसरली. तुझं अक्षर मोत्यासारखं असायचं. असो.

अप्पांची रायफल हातात घेतली तेव्हा काय वाटलं ते तुला सांगणार नाही. दस्त्यावर त्यांच्या गालाची जागा झिजून गुळगुळीत झालीय. माझा गाल तिथे बरोबर बसतो, तुझा बसायचा नाही, तू गादी लावायचास. हे मात्र सांगते.

जानेवारीपासून शिकतेय, कर्नल कडक आहेत. पहिले कित्येक आठवडे गोळीच दिली नाही. रिकामी रायफल धरून पालथं पडायचं, श्वास सोडायचा, नळीच्या टोकावरच्या माशीवर नजर ठेवायची आणि चाप असा ओढायचा की आपल्यालाच कळू नये. आवाज फक्त टिक. घरी आले की कोपरं सोललेली, मान धरलेली. शेजारीण म्हणाली, काय हे, या वयात? मी म्हटलं, या वयातच जमतं, आता घाई नसते.

कर्नलांनी एकदा विचारलं, तुमचा हात हलत नाही, मनात काय आणता? बाकीचे म्हणे समुद्र आणतात, कोणी देवाचं नाव घेतं. मी खरं सांगितलं, भावाला आणते. त्यांनी गोळ्यांचा डबा स्वतःकडे ओढला. म्हटलं, घाबरू नका, त्याला तिथे उभा नाही करत. तो बोर्डाखाली उभा असतो, शिबिराला निघालेला, हातात बॅग, आणि मी व्हरांड्याच्या पायरीवर बसलेय. एवढं आणलं की माझा श्वास आपोआप खाली बसतो. लोक म्हणतात राग आला की हात कापतो. ताज्या रागाने कापत असेल, माझा मुरलेला आहे. कर्नल म्हणाले, मन शांत करा वगैरे मी सगळ्यांना सांगतो, तुम्हाला नाही सांगत.

ऑक्टोबर संपता संपता क्लबाची वार्षिक स्पर्धा आहे. कमिटीचा विचार आहे की बोर्डावरच्या जुन्या विक्रमवीराला पाहुणा म्हणून बोलवावं, त्याने बक्षिसं द्यावीत आणि मानाच्या दहा गोळ्याही झाडाव्यात, स्पर्धेतच, क्लबाच्या रायफलीने. ही कल्पना कोणाची ते विचारू नकोस. आमंत्रण येईल. जमत नसेल तर तब्येतीचं कारण सांग, लोक समजून घेतात.

तुझी बहीण

२ सप्टेंबर

दादा,

येतोयस म्हणे. छान. मला वाटलंच होतं, तब्येतीचं कारण सुचवलं की तू नक्की येशील.

लेनच्या चिठ्ठ्या टाकल्या. तुझी चार, माझी पाच. योगायोग बघ कसा असतो.

उतरायला माझ्याकडे या असं म्हणत नाही. वहिनींना मात्र चहाला पाठव.

तुझी बहीण

११ नोव्हेंबर

दादा,

तुझं पत्र मिळालं. आयुष्यात पहिल्यांदा तू मला चार पानं लिहिलीस. ओळी एकमेकींवर चढल्यात, तरी सगळं वाचलं, दोनदा वाचलं. “काय झालं ते आपल्या दोघांनाही माहीत आहे,” असं लिहिलंयस. माहीत आहेच. पण तू तुझ्या लेनमध्ये होतास आणि मी माझ्या, म्हणून माझ्या बाजूने काय दिसलं ते ऐकून घे.

आधी एक कबूल करते. चिठ्ठीत मला नऊ नंबरची लेन आली होती. बघ, तिथेही नऊ. पाचवाल्या बाईंना मी म्हटलं, शेजारी माझा भाऊ आहे, कित्येक वर्षांनी एकत्र नेम धरणार आहोत. त्यांचे डोळेच भरून आले. लगेच बदलून दिली.

तू आलास, सत्कार झाला, हार घातला. तू हसत होतास आणि हसताना मान उजवीकडे वळवून बघत होतास. मी सकाळपासून रात्रीपर्यंत लोकांच्या डोळ्यांतच बघते, दादा. तुझी सही घसरली तेव्हाच मला शंका आली होती, त्या दिवशी खात्री पटली. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, चांगला पिकलेला, आणि नेम धरायचा तुझा तोच डोळा. मी काही बोलले नाही. तूही कोणाला सांगितलं नव्हतंस. तुला बोर्डाखाली उभं राहायचं होतं.

पालथे पडलो. तू क्लबाची रायफल घेतलीस, मी अप्पांची. नऊ गोळ्यांनंतर मी दुर्बिणीतून कार्ड पाहिलं. नऊच्या नऊ दहाच्या कडीत, एकमेकींना चिकटून. मग आयुष्यभर नाही कापला तो हात कापला. तुला मनात आणायला गेले तर तू तिथे नव्हतास, माझ्या डाव्या कोपराशी होतास, आणि म्हाताऱ्या माणसासारखा धापा टाकत होतास. मी चाप खेचला, दाबला नाही, खेचला. गोळी सुटतानाच कळलं की गेली बाहेर. त्याच क्षणी तुझाही बार झाला. पुन्हा डोळा लावला तर कार्डावर दोन नवी भोकं. एक आठच्या कडीत, उजवीकडे. दुसरं थेट मधोमध.

कार्डं आली. तुझ्यावर नऊ, माझ्यावर अकरा. सगळे तुझ्याकडे बघायला लागले आणि मला शाळेतल्या त्या सकाळचा एकेक चेहरा आठवला. तू म्हणालास, वय झालं बुवा, आणि हसलास. कोणीच हसलं नाही.

कर्नलांनी मला विचारलं, ताई, यातली तुमची नसलेली कुठली?

मी तुझ्याकडे बघून म्हटलं, “सांगता येत नाही.”

तुझा चेहरा असा उतरला की वहिनी पाण्याचा ग्लास घेऊन धावल्या. त्यांना वाटलं उन्हाने झालं.

नियम अजून तोच आहे. ज्याचं कार्ड त्याला चांगल्या दहा. आठ गळाली, शंभर झाले. परवा रंगारी आला होता, तुझं नाव एक ओळ खाली गेलं आणि वर माझं लिहिलं. पूर्ण नाव. मी दुकानातून सुट्टी घेऊन गेले, खुर्ची टाकून बसले आणि रंग वाळेपर्यंत बघत राहिले. आनंद झाला का विचारशील तर हो, झाला, भरपूर झाला. खोटं कशाला बोलू.

आता तू लिहितोस की मधली गोळी तुझी होती. तुझा चष्मा धूसर, कार्ड चुकलं, पण नेम चुकला नव्हता, ती दहा तुझी, हे मला माहीत आहे आणि मी कमिटीला सांगावं. खेळाडूपणा म्हणून. अप्पांसाठी म्हणून.

म्हणजे स्वतःची गोळी ओळखता येते तर. मला इतकी वर्षं वाटायचं, कदाचित खरंच तुला कळलं नसेल. मोजण्यात चूक झाली असेल, पोरवय होतं, घाबरला असेल. रात्री कधी झोप आली नाही की मी तुझ्या बाजूनेही वकिली करायचे. आता ती करायला नको. पन्नास मीटरवर, मोतीबिंदूच्या डोळ्याने, दुसऱ्याच्या कार्डावरची तुझी गोळी तू ओळखतोस. मग धडधाकट डोळ्याने, स्वतःच्या कार्डावरची अकरावी तुला नक्की माहीत होती.

तेव्हा ऐक, माझी अट सांगते. तू कमिटीला पत्र लिही. त्यात लिही की त्या स्पर्धेत मी अकरा गोळ्या झाडल्या, बहिणीने दहाच, आणि तिच्या मधल्या भोकातून दोन गेल्या होत्या. खाली सही कर, कितीही वाकडी झाली तरी चालेल. ज्या दिवशी ते पत्र क्लबाच्या भिंतीवर लागेल, त्याच दिवशी माझं पत्र त्याच्या शेजारी लावीन, की मधली गोळी दादाची होती, माझी आठ धरा.

घाई करू नकोस, आधी हिशेब कर. तू गप्प बसलास तर माझे शंभर आणि तुझे नव्व्याण्णव, मी एकदा जिंकले. तू खरं बोललास तर माझे अठ्ठ्याण्णव होतील, तरी यंदा मीच पहिली. तुझ्या तेव्हाच्या नव्व्याण्णवमधली दहाची अकरावी गळेल, पाचवी सात परत येईल आणि शहाण्णव होतील. आणि केराच्या टोपलीत गेलेल्या माझ्या त्या कार्डाचे सत्त्याऐंशी नव्हते, मधल्या भोकातली दुसरी दहा धरून सत्त्याण्णव होते. म्हणजे तेव्हाही मीच जिंकले होते. शिबिराला मी जायला हवं होतं, दादा. बॅग माझ्या हातात हवी होती आणि पायरीवर तू.

गप्प बसायची सोय तुला आहे. इतकी वर्षं जमलंय, पुढेही जमेल, आणि बोर्डावर तू दुसरा तरी राहशील. पण मला एकदा जिंकून पुरत नाही. मला दोन्ही वेळा जिंकायचंय.

पोरांना सांग, आत्याला आता नुसतं आत्या म्हणायचं.

आणि तो डोळा दाखवून ये. ऑपरेशन लगेच होतं, दुपारी घरी येतोस. इथे आलास तर चष्मा मी बसवून देईन. पुढच्या वर्षी मला शेजारच्या लेनमध्ये नीट दिसणारा भाऊ हवाय, म्हणजे हरल्यावर तुला डोळ्याचं कारण सांगता येणार नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझी बहीण